खान्देशातील मोठ्या रुग्णालयांतील उपचार : काय इथेच करून घ्यावे आणि कशासाठी बाहेर जावे?

गिरणाकाठ, पाचोरा

नमस्कार मंडळी. आपल्या तिन्ही जिल्ह्यांत घरात मोठे दुखणे निघाले की कर्त्या माणसाच्या तोंडी पहिले वाक्य येते ते 'नाशिकला हलवा' किंवा 'सरळ मुंबई गाठा' असे. नंदुरबार-नवापूरकडील मंडळी सुरतेची गाडी पकडतात, तर जामनेर-सोयगावकडील लोक अजिंठ्याचा घाट चढून छत्रपती संभाजीनगरकडे वळतात. पूर्वी या सवयीला सबळ कारण होते. आज धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तीस वर्षांहून जुने झाले आहे, जळगावात 2018 पासून आणि नंदुरबारात 2020 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे, आणि जळगाव-धुळ्यात मोठी खासगी व धर्मादाय रुग्णालयेही उभी राहिली आहेत. तरीही कोणता उपचार इथे नीट होतो आणि कोणत्यासाठी प्रवास करणे खरोखर शहाणपणाचे आहे, याचा विचार रुग्ण गाडीत घातल्यावरच सुरू होतो.

माझे मत असे की ज्या दुखण्यात तास मोजले जातात त्याचा पहिला उपचार जवळच व्हावा, आणि ज्यात आठवडे हाताशी असतात त्यासाठीच लांबचा विचार करावा. प्रत्यक्षात आपण नेमके उलटे करतो. मोतीबिंदूसाठी गावातील शिबिराची वाट पाहतो आणि हृदयविकाराच्या झटक्यात अडीचशे किलोमीटरचा रस्ता धरतो. अनुभवी मंडळींनी विभागवार माहिती द्यावी, ही विनंती. अमुक डॉक्टर चांगले, तमुक वाईट असा वाद कृपया येथे नको.

अतिदक्षता_ताई, जळगाव

दादा, धागा काढलात हे फार बरे केले. मी अनेक वर्षे अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून काम करते, त्यामुळे हृदय आणि मेंदू या दोन अवयवांपुरते खात्रीने लिहू शकते.

हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात रक्तवाहिनी गुठळीने बंद झालेली असते आणि ती उघडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे कॅथलॅबमध्ये, म्हणजे रक्तवाहिनीतून नळी घालून हृदयावर उपचार करण्याच्या कक्षात, तातडीची अँजिओप्लास्टी आणि दुसरा म्हणजे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन. निदान झाल्यापासून साधारण 120 मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार असेल तर ती अधिक चांगली, परंतु तेवढ्या वेळात ती शक्य नसेल तर इंजेक्शन आधी देऊन मग रुग्णाला कॅथलॅब असलेल्या ठिकाणी पाठवावे, असा सर्वमान्य शिरस्ता आहे. हे इंजेक्शन छातीत कळ सुरू झाल्यापासून 12 तासांपर्यंत देता येते, मात्र त्याचा खरा लाभ पहिल्या दोन-तीन तासांत मिळतो. जळगावहून एरंडोल, पारोळा, धुळे असे करीत नाशिकला पोहोचायला सुमारे 250 किलोमीटर पडतात. ईसीजीत झटका स्पष्ट दिसत असताना रुग्णाला इंजेक्शनाशिवाय त्या रस्त्याने नेले, तर उपचाराचा सर्वांत मोलाचा काळ गाडीतच संपतो. अलीकडे रक्तस्राव, मेंदूचा आघात किंवा मोठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला हे इंजेक्शन देता येत नाही, म्हणून तो निर्णय डॉक्टरांचाच. नातेवाइकांनी एवढे जरूर विचारावे : ईसीजीत नेमके काय आहे, गुठळीचे इंजेक्शन दिले का, आणि दिले नसेल तर कोणत्या कारणाने?

अर्धांगवायूचे घड्याळ याहून कडक आहे. मेंदूतील गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्याआधी सिटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव झालेला नाही याची खात्री करावी लागते, कारण रक्तस्राव असेल तर तेच औषध घातक ठरते. आमच्याकडे रुग्ण येतो तेव्हा पहिला प्रश्न 'माणूस शेवटचा नीट केव्हा दिसला?' हाच असतो. रात्री दहाला जेवून झोपलेला माणूस पहाटे पाचला तोंड वाकडे झालेल्या अवस्थेत सापडला, तर वेळ पाचपासून नव्हे, दहापासून धरली जाते. अशा वेळी सोबत आलेला मुलगा 'आत्ताच झाले' म्हणतो आणि सून हळूच सांगते की संध्याकाळपासूनच त्यांच्या हातातून पेला सुटत होता. ती एक ओळ साऱ्या उपचाराची दिशा बदलते, म्हणून ज्याने प्रत्यक्ष पाहिले त्याच माणसाला सोबत आणा. लकव्यावर झाडपाला देणाऱ्याकडे नेण्यात किंवा तेल चोळण्यात सकाळ घालवलेली माणसे आजही येतात आणि आमच्या हाती फारसे काही उरलेले नसते.

वरणगावकर

ताई, गावाकडे रुग्णवाहिकेची वाट पाहण्यापेक्षा शेजाऱ्याची इको गाडी लवकर मिळते. मग काय करावे?

अतिदक्षता_ताई, जळगाव

भाऊ, 108 ला फोन करा आणि गाडी किती वेळात येईल ते विचारा. ही सेवा महाराष्ट्रात 2014 पासून आहे, विनामूल्य आहे आणि त्या गाडीत डॉक्टर व प्राणवायू असतो. ती लवकर येणार नसेल तर इको गाडीने निघायला हरकत नाही, परंतु निघावे ते ईसीजी निघेल अशा सर्वांत जवळच्या रुग्णालयाकडे. गरोदर माता आणि तान्ह्या बाळांसाठी 102 ची वेगळी गाडी आहे.

शिरपूरचा_शेतकरी

आमच्या भागात सर्पदंश आणि फवारणीची विषबाधा यांसाठी मोठे रुग्णालय जास्त लागते, म्हणून त्याविषयी लिहितो.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच संयुक्त सर्पविषरोधक लस चालते. त्यामुळे साप मारून पिशवीतून आणण्याची काहीही गरज नसते, उलट त्या खटपटीत दुसऱ्याला दंश होतो. दवाखान्यात कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती 20 मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग तिरपी करून पाहतात. रक्त गोठलेले नसेल तर घोणस किंवा फुरशाचे विष अंगात भिनले आहे हे कळते आणि लस सुरू होते. नंतर तीच तपासणी पुन्हा पुन्हा होते, म्हणून नातेवाइकांनी 'किती वेळा रक्त काढता?' म्हणून हुज्जत घालू नये. मण्यारीची गोष्ट निराळी. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंशाची खूण धड दिसत नाही, पहाटे पोटात दुखते आणि पापण्या जड होतात. अशा रुग्णाला लसीबरोबर कृत्रिम श्वासाचे यंत्र लागू शकते. म्हणून पहिली मात्रा ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात घ्यावी आणि मग व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी जावे. घट्ट दोरी बांधणे, ब्लेडने चिरणे आणि मांत्रिकाकडे जाणे या तिन्ही गोष्टी टाळाव्यात.

कपाशीच्या फवारणीत चक्कर, घाम, लाळ किंवा अंधुक दिसणे सुरू झाले तर आधी अंगावरचे कपडे काढून साबणाने अंग धुवावे आणि औषधाची बाटली किंवा निदान तिचे लेबल सोबत न्यावे. ऑर्गनोफॉस्फरस गटातील विषावर अ‍ॅट्रोपीन देतात आणि ते कित्येकदा काही दिवस चालू ठेवावे लागते. रुग्ण शुद्धीवर येऊन चहा मागू लागला म्हणून सुट्टीचा हट्ट धरू नये, कारण अशा रुग्णांचा श्वास दोन-चार दिवसांनीही अचानक मंदावू शकतो.

रोखठोक_अमळनेर

सर्व माहिती उत्तम आहे, परंतु पाटीवर लिहिलेली सेवा आणि खिडकीपाशी मिळणारी सेवा यांत फरक असतो, हेही नोंदवले पाहिजे. माझ्या काकांना एका मोठ्या रुग्णालयात, त्याचे नाव घेत नाही, एमआरआय यंत्र बंद असल्याचे सांगून बाहेरच्या केंद्रात पाठवले. मोफत उपचारांच्या सरकारी योजनेचा फलक दारावर झळकत होता आणि बिल मात्र आमच्या हातात आले. विचारले तर 'हाडांच्या विभागासाठी योजना नाही' असे उत्तर मिळाले. मग फलक कशासाठी?

योजना_माहितगार, धुळे

रोखठोक भाऊ, तुमचा राग योग्य आहे, पण त्या उत्तरामागची व्यवस्था समजून घेतली तर पुढच्या वेळी फसगत होणार नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालयाला सरसकट मान्यता मिळत नाही, ती विशेष शाखानिहाय मिळते. एकच रुग्णालय मूत्रविकारासाठी योजनेत असते आणि अस्थिरोगासाठी नसते, म्हणून 'तुमच्याकडे योजना आहे का?' हा प्रश्न अपुरा आहे. 'या आजाराच्या या उपचारासाठी तुमच्याकडे योजना आहे का?' असे विचारावे, आणि तेही स्वागतकक्षात न विचारता आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनीसाच्या, टेबलापाशी जाऊन विचारावे. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र असतोच. तेथे समाधान झाले नाही तर 155388 किंवा 1800 233 2200 हे विनाशुल्क क्रमांक आहेत.

या योजनेशी आपले नाते जुने आहे. 2 जुलै 2012 रोजी ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत धुळे होते. 2017 मध्ये नाव बदलले, पुढे ती आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली, दीड लाखाची मर्यादा वाढून दर वर्षी प्रत्येक कुटुंबामागे 5 लाख रुपये झाली आणि पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेबरोबर पांढऱ्या शिधापत्रिकेची कुटुंबेही तिच्यात आली. योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. नुसती बाह्यरुग्ण विभागातील तपासणी आणि गोळ्या तिच्यात बसत नाहीत. उपचारापूर्वी ऑनलाइन मंजुरी घ्यावी लागते, आणीबाणीत ती आधी फोनवर मिळते. शिधापत्रिका आणि आधार यांवरील नावांत फरक असेल तर सारे अडते. लग्नानंतर सुनेचे नाव शिधापत्रिकेत चढवायचे राहिले आणि ऐन शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मुलगा तहसील कार्यालयात रांगेत उभा, असे दृश्य नित्याचे आहे.

एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरसह सर्व उपचार निःशुल्क झाले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात आणि त्या निर्णयात त्यांचा समावेश नव्हता. म्हणून चोपड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात जी तपासणी फुकट झाली तिच्यासाठी महाविद्यालयाच्या खिडकीवर पावती फाडली, तर लगेच भ्रष्टाचाराची शंका घेऊ नये. पावती मात्र मागून घ्यावी.

केळीपट्टा_रावेर

माझ्या वडिलांचे डायलिसिस चालू आहे. हा उपचार घराजवळ मिळणे किती महत्त्वाचे आहे, हे ज्याच्या घरात तो रुग्ण आहे त्यालाच समजते. आठवड्यातून बहुधा तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, आणि तेही आयुष्यभर किंवा मूत्रपिंडरोपण होईपर्यंत. यासाठी कोणी मुंबईला खोली घेऊन राहावे, हे सामान्य शेतकऱ्याला परवडणारे नाही. योजनेत हा उपचार बसतो.

मूत्रपिंडे निकामी होत चालली आहेत हे डॉक्टरांनी सांगितले की हातातील फिस्टुलाची शस्त्रक्रिया वेळेत करून घ्यावी, कारण शीर आणि धमनी जोडल्यावर ती जागा सुई टोचण्याजोगी व्हायला काही आठवडे जातात. लोक ती पुढे ढकलतात, मग अचानक मानेत नळी घालून डायलिसिस करावे लागते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. फिस्टुलाच्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, रक्त काढू देऊ नये, त्या हाताने पाण्याची घागर उचलू नये. रोज सकाळी बोट ठेवून तेथील थरथर जाणवते का ते पाहावे, आणि ती थांबली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. केंद्र निवडताना कावीळ ब आणि क असलेल्या रुग्णांसाठी वेगळी व्यवस्था आहे का, आणि डायलिसिसच्या आधी व नंतर वजन करून ते कागदावर लिहितात का, हे जरूर पाहा.

आता आमच्या पट्ट्यातील अडचण. केळ्यात पोटॅशियम भरपूर असते आणि मूत्रपिंड काम करीत नसेल तर रक्तात साठलेले पोटॅशियम हृदयाचे ठोके थांबवू शकते. ज्या घरात केळीचे घड ओसरीवर टांगलेले असतात तेथे म्हाताऱ्या माणसाला 'अर्धे तरी घ्या' म्हणणारे पाहुणे रोज येतात. केळ्याच्या वेफर्समध्ये वर मीठही असते. आहारतज्ज्ञाकडे जाणे हा उपचाराचाच भाग समजावा. मोठ्या रुग्णालयात ते पद असते, पण त्यांच्याकडे पाठवा असे आपणहून म्हणावे लागते.

सातपुडा_मास्तर, धडगाव

नंदुरबारच्या बाजूने सिकलसेलविषयी लिहिल्याशिवाय हा धागा पुरा व्हायचा नाही. भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, लहान रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे-सांधे असह्य दुखतात. शाळेत एखादे मूल वारंवार गैरहजर राहते, डोळे पिवळसर दिसतात, थंडीच्या दिवसांत पाय दुखतात म्हणून रडते, तेव्हा पालक त्याला आळशी ठरवतात.

पहिली चाचणी सोपी असते. थेंबभर रक्त द्रावणात टाकल्यावर ते गढूळ झाले तर संशय घेतात, मात्र मूल नुसते वाहक आहे की प्रत्यक्ष रुग्ण आहे हे रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीनेच ठरते. वाहकाला बहुधा काही त्रास नसतो. दोन्ही जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्नाआधी तपासणी करावी, आणि लग्न झालेलेच असेल तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच मोठ्या रुग्णालयात समुपदेशन घ्यावे. रुग्णाला हायड्रॉक्सियुरिया ही गोळी दीर्घकाळ देतात आणि तिने दुखण्याचे झटके कमी होतात, मात्र ठरलेल्या अंतराने रक्तपेशींची मोजणी करावी लागते. गोळी गावात मिळाली आणि मोजणी झाली नाही, तर तो अर्धवट उपचार झाला. सिकलसेलच्या मुलाला ताप भरला तर उद्यावर ढकलू नये, कारण त्याची प्लीहा दुबळी असते आणि जंतुसंसर्ग झपाट्याने पसरतो. 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले असून 2047 चे लक्ष्य ठरवले आहे. आमच्या पाड्यांना त्याचा लाभ मिळतो की नाही हे पुढच्या तारखेला रुग्ण परत येतो की नाही यावर ठरेल, आणि तो परत येण्यासाठी अक्कलकुवा-धडगावच्या घाटातून एसटी वेळेवर यायला हवी.

मोठ्या रुग्णालयांनी आणखी एक सेवा द्यावी असे मला मनापासून वाटते. बाह्यरुग्ण विभागात पावरी आणि भिली बोलणारा एक माणूस बसवावा. 'गोळी जेवणानंतर' हे वाक्य डॉक्टर तीनदा मराठीत सांगतात आणि समोरची बाई तीनदा मान डोलावते. तिला काय समजले हे कोणी विचारत नाही.

तापीची_लेक, भुसावळ

बाळंतपणाबद्दल थोडक्यात. शासकीय रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली 2011 पासून प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त, आहार आणि घरी सोडण्याची गाडी हे सारे मोफत आहे. कमी वजनाच्या नवजात बाळासाठी विशेष काळजी कक्ष असतो. खासगीत काचेच्या पेटीचे रोजचे भाडे भरताना घर मोडते, म्हणून जोखमीची गर्भधारणा असेल तर असा कक्ष कोठे आहे हे सातव्या महिन्यातच पाहून ठेवा.

प्रवासी_चाळीसगाव

कर्करोगासाठी मात्र मी गिरणाकाठ दादांच्या दुसऱ्या गटात मोडतो, म्हणजे बाहेर जाण्याच्या. तरीही सगळेच बाहेर करावे असे नाही. पहिली उपचारयोजना मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात ठरवून घ्यावी आणि केमोथेरपीच्या पुढच्या फेऱ्या त्याच कागदाप्रमाणे जवळच्या मोठ्या रुग्णालयात घेता येतील का, हे तेथील डॉक्टरांनाच विचारावे. अनेकदा ते स्वतःच तसे लिहून देतात. रेडिएशनला मात्र आठवड्याचे पाच दिवस, कित्येक आठवडे सलग जावे लागते, त्यामुळे राहण्याची सोय आधी पाहावी. निघताना बायोप्सीच्या अहवालासोबत, काढलेला तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्या मागून घ्या. त्या रुग्णाच्याच असतात आणि त्या नसल्या तर पुन्हा तुकडा काढण्याची वेळ येते.

रोखठोक_अमळनेर

योजनेच्या उत्तराबद्दल आभार. धर्मादाय रुग्णालयातील राखीव खाटांचे काय? तेथेही 'जागा नाही' हेच उत्तर मिळते.

योजना_माहितगार, धुळे

भाऊ, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41कक प्रमाणे धर्मादाय रुग्णालयाने 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली ही योजना 2006 पासून लागू आहे आणि त्यासाठी रुग्णालय आपल्या एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा पिवळी शिधापत्रिका घेऊन बिलिंगच्या खिडकीवर भांडू नका, समाजसेवा अधीक्षकांना भेटा आणि लेखी अर्ज द्या. खाट नाही असे सांगितले तर त्याच अर्जावर तसे लिहून मागा. लेखी नकार द्यायची वेळ आली की पुष्कळदा खाट निघते. तरीही नाही झाले तर जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे तक्रार करता येते. आणीबाणीत अनामत रकमेसाठी रुग्णाला दारात थांबवता येत नाही. प्राण वाचवणारा प्राथमिक उपचार देणे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितले आहे.

गिरणाकाठ, पाचोरा

सर्वांचे मनापासून आभार. मास्तरांनी मांडलेली दुभाष्याची सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती अर्जाच्या रूपात अधिष्ठात्यांकडे पाठवू. मसुदा मास्तरांनीच लिहावा.

संदर्भपत्राविषयी कोणी लिहिले नाही म्हणून तेवढे लिहितो. पुढच्या रुग्णालयात जाताना पाठवणाऱ्या डॉक्टरांकडून दिलेली औषधे, त्यांची मात्रा आणि वेळ लिहिलेले पत्र घ्यावे. गुठळीचे इंजेक्शन किंवा सर्पविषरोधक लस दिली असेल तर ती वेळ ठळक लिहून मागावी. स्कॅनच्या अहवालासोबत सीडी किंवा फिल्मही घ्यावी. निघण्यापूर्वी पुढच्या रुग्णालयात फोन करून खाट आणि तज्ज्ञ दोन्ही उपलब्ध आहेत का हे डॉक्टरांनीच डॉक्टरांशी बोलून ठरवावे असा आग्रह धरावा. नाहीतर रुग्ण मध्यरात्री नाशिकच्या तिसऱ्या दारापाशी उभा असतो.

अतिदक्षता_ताई, जळगाव

दादा, त्यात रुग्णाच्या रोजच्या गोळ्यांची पिशवीही जोडा. 'बीपीची पांढरी गोळी' एवढ्यावरून आम्हाला काहीच कळत नाही, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे की नाही हे तर आधी कळलेच पाहिजे.